सक्ती करायचीच, तर आधी आयसीयूवर करा

सुरतेतल्या एखाद्या ब्रेन डेड माणसाचं हृदय मुंबईतल्या पेशंटसाठी निघतं, तेव्हा ते आपल्या डोक्यावरून जातं. अक्षरशः. 2015 च्या डिसेंबरपासून हे अनेकदा झालंय. हॉस्पिटल ते सुरत विमानतळ ग्रीन कॉरिडॉर, मग विमान, मुंबईत उतरल्यावर पुन्हा ग्रीन कॉरिडॉर. साधारण दीड तासात ते हृदय ऑपरेशन थिएटरात पोचतं. खाली असतात तलासरी, डहाणू, बोईसर, पालघर, सफाळे. आपण त्या वेळी बहुतेक विरार शटलच्या दारात लटकलेले असतो, नाहीतर हायवेला अडकलेले.

सुरत उत्तरेला, मुंबई दक्षिणेला, मधे आपण. दोन्हीकडे अवयवदानाचं नाव मोठं आणि आपल्या पट्ट्यात मात्र हा विषय पोस्टर स्पर्धेपुरता. 3 ऑगस्टला अवयवदान दिन असतो. 1994 मध्ये याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं, म्हणून 2023 पासून हा दिवस नोव्हेंबरमधून ऑगस्टमध्ये आणला. एनएसएसची मुलं रॅली काढतात, रांगोळी काढतात, आणि वादविवाद स्पर्धेला एक विषय ठरलेला असतो: मृत्यूनंतर अवयवदान कायद्यानेच सक्तीचं करावं का?

टाळ्या कुणाला पडतात तेही ठरलेलं. ‘करावं’ म्हणणाऱ्याला. कारण त्याचं लॉजिक ऐकायला एकदम क्लीअर असतं. मेलेल्या माणसाला किडनीचा काय उपयोग? आपण ती जाळतो नाहीतर पुरतो. तिकडे कुणीतरी आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. मग विचारत काय बसायचं, घ्या सरळ!

हे लॉजिक मूर्खपणाचं नाही. उलट आधी त्याची बाजू नीट मांडूया, कारण ती मांडल्याशिवाय खोडून काढण्यात मजा नाही.

आकडे बघा. 2023 मध्ये देशात 18,378 प्रत्यारोपणं झाली. त्यातली जवळपास साडेपंधरा हजार जिवंत माणसांनी दिलेल्या अवयवांची होती, म्हणजे किडनी नाहीतर लिव्हरचा तुकडा. मृत्यूनंतर अवयव दिलेले दाते किती? 1,099. हजाराचा आकडा आपण पहिल्यांदाच ओलांडला आणि त्याचं कौतुकही झालं. एकशे चाळीस कोटींचा देश आणि दहा लाख लोकांमागे एक दातासुद्धा नाही. स्पेनमध्ये 2023 मध्ये हाच आकडा दहा लाखांमागे 49 च्या आसपास होता, अमेरिकेत 48 च्या.

मृतांकडून मिळत नाही म्हणून भार जिवंतांवर पडतो. आणि जिवंतांमध्ये कुणावर, ते ओळखा. 2019 ते 2023 या काळात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये जवळपास 64 टक्के स्त्रिया होत्या आणि अवयव मिळालेल्यांमध्ये जवळपास 70 टक्के पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. कागदावर सगळ्यांची स्वखुशीची संमती असते. पण घरात कमावता एकच, त्याची किडनी गेलीय आणि सगळे जण सुनेकडे बघतायत, तेव्हा तिची ‘स्वखुशी’ नेमकी केवढी? म्हणजे सक्ती आजही आहे, फक्त ती कायद्याची नाही आणि मेलेल्यांवर नाही. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा मुद्दा घेतला ना, तर मी त्याला पहिला नंबर देईन.

दुसरा मुद्दा पोस्टमॉर्टेमचा. हायवेला कुणी गेलं, एमआयडीसीत रिअ‍ॅक्टर फुटून कुणी गेलं, विहिरीत बुडून कुणी गेलं, तर पोलिस पंचनामा करतात आणि बॉडी पोस्टमॉर्टेमला जाते. घरचे रडतात, विनवण्या करतात, ‘कापू नका’ म्हणतात. कुणी ऐकतं? गुन्हा झालाय का हे समजणं समाजाच्या हिताचं आहे, म्हणून सरकार देहावर हक्क सांगतं. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजला शिकायला देण्याची तरतूद तर आपल्याकडे 1949 च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टपासून आहे. मग एका मृत्यूचं कारण शोधायला देह उघडता येतो, तर पाच जणांचे जीव वाचवायला का नाही?

प्रश्न दमदार आहे. उत्तर शोधायला मात्र बोईसरलाच जावं लागतं.

मरण कुठे येतं, यावर सगळं

वादविवादात एक गोष्ट कुणी सांगत नाही. किडनी, लिव्हर, हृदय, फुप्फुसं हे ‘मेलेल्या माणसाचे’ अवयव म्हणून सरसकट मिळत नाहीत. हृदय बंद पडून घरी, शेतात किंवा रस्त्यावर मरण आलं, तर आपल्याकडच्या आजच्या पद्धतीत हे अवयव कामाचे राहत नाहीत. त्यासाठी मरण एका विशिष्ट पद्धतीने यावं लागतं. डोक्याला मार लागलाय किंवा मेंदूत रक्तस्राव झालाय, मेंदूचा देठ कायमचा बंद पडलाय, पण माणूस व्हेंटिलेटरवर असल्यामुळे हृदय अजून धडधडतंय. याला ब्रेन स्टेम डेथ म्हणतात. कोमा वेगळा. कोमातला माणूस जिवंत असतो, ब्रेन डेड माणूस मेलेला असतो. मॉनिटरवरची रेघ हलत असते म्हणून आपल्याला ते पटत नाही, एवढंच.

हे जाहीर करायला 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने कडक पद्धत घालून दिलीय. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. उपचार करणारा डॉक्टर, हॉस्पिटलचा प्रमुख, एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन (तो नसेल तर भूलतज्ज्ञ, फिजिशियन, इंटेन्सिव्हिस्ट चालतो). सगळ्या तपासण्या दोनदा, मधे किमान सहा तासांचं अंतर. त्यात अ‍ॅप्नीआ टेस्ट असते. व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देऊन, शरीर स्वतःहून श्वास घ्यायची धडपड करतं का ते बघतात. त्यासाठी रक्तातले वायू मोजणारं मशीन हवं. अवयव तिथेच काढायचे तर हॉस्पिटलची तशी नोंदणी हवी. आणि घड्याळ चालू असतं. हृदय काढल्यावर चारेक तासांत बसवावं लागतं, लिव्हरला आठ ते बारा तास मिळतात, किडनी त्यातल्या त्यात दमदार, ती दिवसभर थांबते.

आता मनोरच्या पुढे, चिल्हार फाट्याच्या आसपास रात्री दोन वाजता बाइक घसरली असं धरा. आधी जवळचं सरकारी हॉस्पिटल. तिथून ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे कुठे? आपल्याकडे हा एक शब्द म्हणजे अख्खा नकाशा आहे. तलासरी-डहाणूवाल्यांसाठी पुढे म्हणजे वापी, वलसाड किंवा सिल्व्हासा. मोखाड्यासाठी नाशिक. पालघर-बोईसरसाठी विरार, ठाणे, मुंबई. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सायरस मिस्त्री यांची गाडी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली. मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरच्या एकांना कासाच्या सरकारी रुग्णालयात मृत घोषित केलं आणि जखमींना आधी वापीला नेलं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक असला तरी त्या पुलावर त्याच्यासाठी तेवढीच सोय होती, जेवढी तुमच्या-माझ्यासाठी असते.

आणि 2025 चा पावसाळा आठवा. झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या पालघरच्या एका महिलेला मुंबईला न्यायला सांगितलं, कारण पालघरमध्ये ट्रॉमा सेंटर नव्हतं. रुग्णवाहिका हायवेच्या कोंडीत तासन् तास अडकली. ठाण्याकडच्या घाट रस्त्याच्या दुरुस्तीमुळे सगळी अवजड वाहनं इकडे आली होती. त्या बाई मुंबईला पोचल्याच नाहीत. वाटेतच गेल्या.

ग्रीन कॉरिडॉर म्हणजे पोलिसांनी सगळे सिग्नल मोकळे करून अवयवाच्या पेटीला दिलेली वाट. ही वाट देता येते, पोलिसांना ती जमते, आपण ते टीव्हीवर बघतो आणि अंगावर काटा येतो. पण पेटीतल्या हृदयाला जी वाट मिळते, ती ज्या माणसाच्या छातीत हृदय अजून धडधडतंय त्याला मिळत नाही. यावर माझ्याकडे हुशारीचं वाक्य नाही. हे असं आहे.

त्यामुळे उद्या सक्तीचा कायदा झाला तर पालघर जिल्ह्यात काय बदलेल? जवळजवळ काहीच नाही. जो माणूस व्हेंटिलेटरपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. तो ‘हो’ म्हणाला असता की ‘नाही’ हे विचारण्याच्या कितीतरी आधीच आपण त्याला गमावलेलं असतं. अडचण लोकांच्या ‘नाही’त आहे असं आपण समजतो, पण कितीतरी ठिकाणी प्रश्न विचारलाच गेलेला नसतो.

जग काय करतं

स्पेनने 1979 मध्येच कायदा केला की विरोध नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरायची. मग स्पेन पुढे गेला तो त्यामुळेच, असं सगळे मानतात. पण कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी तिथे दहा लाखांमागे 14 च दाते होते. 1989 मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली आणि हॉस्पिटलाहॉस्पिटलात, थेट आयसीयूतल्याच डॉक्टरला अवयवदानाचा समन्वयक केलं. नातेवाइकांशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग दिलं. आकडा चढला तो त्यानंतर. आणि गंमत म्हणजे कायद्याने गरज नसली तरी स्पेनमध्ये आजही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. अमेरिकेत तर गृहीत संमती नाहीच, तिथे स्वतःहून नोंद करावी लागते किंवा घरच्यांनी हो म्हणावं लागतं, तरी आकडा स्पेनच्या जवळ. इंग्लंडने 2020 च्या मे महिन्यात गृहीत संमती आणली. त्यानंतर घरच्यांच्या संमतीचं प्रमाण वाढायच्या ऐवजी खाली आलं. मधे कोविड होता हे खरं, पण कायद्याची जादू दिसली नाही हेही खरं.

आपल्याला सगळ्यात जवळचा धडा मात्र ब्राझीलचा. 1997 मध्ये तिथे कायदा आला की ओळखपत्रावर ‘मी दाता नाही’ असं लिहून घेतलं नसेल तर तुम्ही दाता. झालं काय? लोक रांगा लावून ‘दाता नाही’ असा शिक्का मारून घ्यायला धावले. गरीब वस्त्यांत भीती पसरली की आता हॉस्पिटलात गेलं तर वाचवणारच नाहीत, अवयवांसाठी मरू देतील. 1998 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. जे लोक आधी शांतपणे ‘हो’ म्हणाले असते, त्यांचं ‘नाही’ सरकारने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

आता ब्राझीलच्या जागी जव्हार-मोखाडा ठेवा. 2022 च्या जानेवारीत तिथल्या एका बापाला आपल्या लहान मुलाचा मृतदेह थंडीत मोटारसायकलवरून घरी न्यावा लागला, कारण रुग्णवाहिका मिळाली नाही. 2025 च्या जूनमध्ये दुसऱ्या एका बापाने आपल्या मृत बाळाला पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावाला आणलं. कारण तेच. या दोन्ही बातम्या तुम्ही वाचल्यात, फॉरवर्डही केल्या असतील. जी व्यवस्था मेलेलं मूल घरी पोचवू शकत नाही, तिने त्याच पाड्यावर जाऊन सांगायचं की मेल्यावर देह आमचा? कोण ऐकेल, आणि का ऐकावं?

सक्तीविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा हा आहे. धर्माचा नाही, संस्कृतीचा तर नाहीच. संस्कृतीवाल्यांनी दधीची ऋषींचं उदाहरण देऊन देऊन झिजवलंय, पण त्यातली एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. देवांना दधीचींच्या अस्थी हव्या होत्या, तरी त्यांनी जाऊन त्या मागितल्या होत्या. इंद्राने वटहुकूम काढला नव्हता.

देणारे कोण, घेणारे कोण

तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार कुठले आहेत ते आपल्याला माहितीय. यूपी, बिहार, ओडिशा. एका खोलीत सहा-आठ जण, ओळखीचा म्हणजे फक्त ठेकेदार. अशा एखाद्याच्या डोक्याला मार लागला आणि तो ब्रेन डेड झाला, तर आजच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकाला विचारावं लागतं आणि तो नातेवाईक दीड हजार किलोमीटरवर असतो. सक्ती आली की ही अडचण मिटते. फोन नको, वाट बघणं नको. ‘सोय’ झाली. कुणाची?

घेणाऱ्यांची यादी बघा. लिव्हर किंवा हृदयाचं प्रत्यारोपण खासगी हॉस्पिटलात वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातं. किडनीला कमी, पण नंतर शरीराने ती नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या, त्यांचा महिन्याचा खर्च हजारांत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, ही चांगली गोष्ट आहे. तरी यादीत नाव लागायला आधी डायलिसिस परवडायला हवं, तपासण्या परवडायला हव्यात, बोलावणं आलं की दोन-तीन तासांत मुंबईत हजर राहता यायला हवं. विक्रमगडच्या पेशंटला हे जमेल? अवयव कुणाला मिळणार हे पैशावर नाही, ठरलेल्या यादीवर ठरतं, आणि झेडटीसीसीचं ते काम खरोखर बऱ्यापैकी पारदर्शक आहे. पण यादीपर्यंत पोचण्याच्या पायऱ्या पैशाच्याच आहेत. देणं सगळ्यांना सक्तीचं आणि घेणं परवडेल त्याला, हा व्यवहार कुठल्याही कॉलेजच्या गेटवर पटवून दाखवा, मग बोलू.

शिवाय किडनी रॅकेटच्या बातम्या आहेतच. 2016 मध्ये पवईच्या नामांकित हॉस्पिटलात खोटी बायको उभी करून किडनी द्यायचा प्रकार पकडला गेला, डॉक्टरांना अटक झाली. ते जिवंत दात्याचं प्रकरण होतं, मृत्यूनंतरच्या दानाशी त्याचा संबंध नाही. पण लोक असा फरक करत बसत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

कायदा एक सक्ती आधीच करतो

हे बहुतेकांना माहिती नाही. 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 2014 मध्ये त्याचे नवे नियम आले. त्यानुसार आयसीयूतल्या डॉक्टरचं कर्तव्य आहे की अशा वेळी पेशंटने आधी कधी अवयवदानाची इच्छा लिहून ठेवली होती का ते तपासायचं, आणि नसेल तर नातेवाइकांना सांगायचं की तुम्हाला हो म्हणायचा किंवा नाही म्हणायचा पर्याय आहे. म्हणजे देणं ऐच्छिक, पण विचारणं सक्तीचं. आणि हे फक्त मोठ्या प्रत्यारोपण केंद्रांपुरतं नाही. नोंदणी नसलेल्या हॉस्पिटलच्या आयसीयूलाही हे कर्तव्य लागू आहे. महाराष्ट्र सरकारने तर त्याआधीच, 2012 मध्ये, ब्रेन डेथ ओळखून कळवण्याबद्दल आदेश काढला होता.

मग होतं काय? बरेचदा डॉक्टर विषय काढतच नाही. त्याचीही बाजू समजून घ्या. छोट्या शहरातलं वीस-तीस बेडचं हॉस्पिटल. बाहेर चाळीस माणसं जमलेली, त्यातले चार जण काचा फोडायच्या तयारीत. अशा वेळी ‘तुमचा मुलगा गेलाय, पण हृदय चालू आहे, आणि त्याचे अवयव…’ हे वाक्य कोण बोलणार? त्यात कायद्याचीही एक गोची आहे. आपल्याकडे ब्रेन डेथला मृत्यू मानलं जातं ते अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यापुरतं. घरचे अवयव द्यायला नाही म्हणाले, तर तोच ‘मृत’ माणूस पुन्हा पेशंट होतो, व्हेंटिलेटर चालू राहतो आणि बिलही. लोकांना वाटतं, दोन मिनिटांपूर्वी मेला म्हणत होते, आता उपचार चाललेत, म्हणजे हे फक्त अवयवांसाठीच मेला म्हणत होते. हा संशय कायद्यानेच तयार केलाय.

केरळने 2020 मध्ये ब्रेन डेथ ठरवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ब्रेन डेथ जाहीर करणं हे एक काम, अवयवदानाचं विचारणं हे दुसरं. दान होवो न होवो, मृत्यू तो मृत्यू. महाराष्ट्राने सक्ती करायचीच तर इथून सुरुवात करावी. व्हेंटिलेटर असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने ब्रेन डेथ तपासली की नाही, किती जाहीर केल्या, किती कुटुंबांना विचारलं, याचा दर महिन्याचा हिशोब द्यायचा आणि तो जिल्हावार सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. 2023 मध्ये मृत्यूनंतरचे 252 दाते देणारं तेलंगण पहिलं आलं, महाराष्ट्र दीडशेच्या आसपास राहिला. तेलंगणची लोकसंख्या आपल्या एक तृतीयांशसुद्धा नाही. तिथली माणसं आपल्यापेक्षा कितीतरी पट उदार आहेत असं मला वाटत नाही.

प्रत्यारोपण न करणारी, पण अवयव काढू देणारी हॉस्पिटलं नोंदवायची सोय कायद्यात आहे. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर हवं, काढणारी टीम मुंबईहून येते. आपल्या तालुक्यातल्या किती हॉस्पिटलांनी अशी नोंदणी केलीय, हा प्रश्न एनएसएसच्या मुलांनी यंदा रॅलीऐवजी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारावा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत होतं. आणि समन्वयक नेमायचाच तर हिंदी येणारा, वारली येणारा नेमा. मुंबईच्या मराठीत किंवा इंग्रजी फॉर्मवर ही बातमी कुणाच्या गळी उतरत नाही.

एक ‘हो’ मात्र पक्का धरा

सक्ती नको म्हणताना एका बाबतीत मी कडक आहे. ज्याने स्वतः जिवंतपणी, शुद्धीत, साक्षीदारांसमोर ‘हो’ लिहून दिलंय, त्याचं ‘हो’ चालायला हवं. कायद्याचं म्हणणंही तेच आहे. दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक, एवढ्यावर ती इच्छा वैध होते. पण प्रत्यक्षात घरच्यांतला एखादा काका ‘आमच्यात चालत नाही’ म्हणाला की विषय संपतो. रडणाऱ्या कुटुंबाशी भांडून डॉक्टरने अवयव काढावेत असं मी म्हणणार नाही, त्याने भरवसा आणखी तुटेल. मग मार्ग एकच राहतो. काकाला आधीच माहिती असणं.

लर्निंग लायसन्सचा ऑनलाइन फॉर्म भरताना एक प्रश्न येतो, अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदान करायची इच्छा आहे का. एमएच 48 च्या किती पोरांनी तो वाचून उत्तर दिलं असेल? बहुतेकांचा फॉर्म सायबर कॅफेवाला भरतो, टिकही तोच मारतो. म्हणजे तुमच्या देहाचा निर्णय पन्नास रुपये घेऊन स्टेशनजवळच्या दुकानदाराने घेतलेला असू शकतो. ‘हो’ असो की ‘नाही’, तो तुमचा असू द्या. नोट्टोच्या वेबसाइटवर 2023 पासून आधार क्रमांकावरून शपथ नोंदवता येते, 1800114770 या टोल फ्री क्रमांकावर माहिती मिळते. ‘नाही’ म्हणायचा हक्कही पुरता आहे आणि त्याबद्दल कुणाला कारण द्यावं लागत नाही.

आयसीयू नसलेल्या गावालाही लागू पडणारी एक गोष्ट उरते. डोळे आणि त्वचा. या दोन्हींना ब्रेन डेथ लागत नाही, व्हेंटिलेटर लागत नाही. माणूस घरी, झोपेत, म्हातारपणी गेला तरी चालतं, फक्त सहा तासांच्या आत. बोईसरला त्वचेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सॉल्व्हंटला आग लागते, रिअ‍ॅक्टर फुटतो, साठ-सत्तर टक्के भाजलेला कामगार ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला किंवा मुंबईत पोचतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर लावायला पुरेशी त्वचाच उरलेली नसते. तेव्हा मृत व्यक्तीची त्वचा काही आठवडे पांघरुणासारखी लावतात. जंतुसंसर्ग थांबतो, शरीरातलं पाणी टिकतं, तेवढ्यात खालची जखम सावरते. मांडी, पाय, पाठ इथला अगदी पातळ थर काढतात, देह विद्रूप होत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं टिकते. देशातली पहिली त्वचापेढी 2000 साली मुंबईत, सायन हॉस्पिटलात सुरू झाली. एवढी कारखानदारी असलेल्या आपल्या पट्ट्यात त्वचादानावर एकही बॅनर माझ्या पाहण्यात नाही. कंपन्या सीएसआरमधून बस स्टॉप बांधतात, त्यावर नाव मोठं येतं.

डोळ्यांसाठी फोन गेल्यावर टीम येईपर्यंत घरच्यांनी करायचं एवढंच: पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शुगर होती, तरी चालतं. काढायला डॉक्टरच हवा असंही नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञ चालतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. टीम विरारहून किंवा मुंबईहून यायची असेल तर हायवेचा भरवसा धरू नका. फोन पहिल्या अर्ध्या तासात करा.